सत्तेचाळीस नंबरच्या पांढऱ्या अळ्या

तिला ऑफिसात सगळे सुतारपक्षीण म्हणत, आणि अगदी तोंडावर म्हणत. तिची हरकत नव्हती. एकतीस वर्षं हातात लाकडी हातोडी घेऊन बाई रस्त्यावरची झाडं ठोकत हिंडली होती; त्यावरून कुणी सुतारपक्षीण म्हटलं तर त्यात खोटं काय, असं तिचं म्हणणं. खोडावर हातोडी मारायची, कान लावायचा. आवाज भरीव आला तर पुढचं झाड, पोकळ आला तर वहीत फुली. उद्यान विभागात तिचं पद ‘वृक्ष तपासनीस’ असं होतं. पगार बेताचा, पायपीट भरपूर, पण सही मोठी वजनदार. तपासनिसाची सही असल्याशिवाय शहरातलं एकही झाड तोडता येत नसे. हा नियम ज्यानं केला त्याला बहुधा वाटलं असावं की तपासनीस म्हणजे कुणीतरी मान खाली घालून सह्या ठोकणारं माणूस असणार. त्याची आणि हिची गाठ पडली नव्हती.

‘नाही’ हा शब्द तिच्या जिभेवर जन्मापासून बसलेला होता. शाळेत असताना मुलींनी झाडावर चढू नये असं मास्तर म्हणाले, तर ही चढून बसली आणि शाळा सुटून सगळे घरी गेले तरी उतरली नाही. शेवटी मास्तरच खाली उभे राहून विनवण्या करायला लागले. नवरा बस चालवायचा, आता निवृत्त होता. तो म्हणे, आमच्या घरात ब्रेक नाही, नुसता हॉर्न आहे. तीही त्यावर हसायची, कारण ते खरंच होतं.

तर अशा बाईच्या टेबलावर एका सकाळी एकशे बारा फॉर्मांचा गठ्ठा येऊन पडला.

मोठ्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिरीषाची एकशे बारा झाडं होती. ती लागली त्याच वर्षी ही नोकरीला लागली. पहिलं काम म्हणजे टँकरमागे पाइप धरून चालायचं आणि प्रत्येक रोपाला पाणी पाजायचं. तेव्हा तिच्या पोटात मुलगा होता. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि झाडांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटल्या. दवाखान्यातून बाहेर पडणारा माणूस, बरा होऊन येवो की वाईट बातमी घेऊन, पहिली दोनशे पावलं सावलीतून चालायचा. याचा तिला गर्व होता. एवढ्या मोठ्या शहरात आपल्या हातचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं.

पण गेली काही वर्षं झाडांना खोडकिडा लागला होता. लांब मिशांचा एक भुंगेरा असतो, त्याची मादी सालीच्या फटीत अंडी घालते. त्यातून अळी निघते, ती आधी साल खाते, मग लाकडात शिरते आणि वर्षभर आतल्या आत बोगदे खणत राहते. वाढली की बोटाएवढी लांब होते. बाहेरून दिसतं ते एवढंच, बुंध्याशी भुश्याची ढिगोळी. मग एके दिवशी काही कारण नसताना फांदी मोडते. मागच्या वर्षी अशी एक फांदी अँब्युलन्सच्या टपावर पडली होती. आत रुग्ण नव्हता, ड्रायव्हरचा हात मोडला, त्यावर भागलं.

फॉर्मांवर सगळं आधीच टाइप करून तयार होतं. झाडाचा क्रमांक, घेर, उंची. मग एक रकाना: ‘झाड मृत अथवा मरणासन्न असल्यास कारण’. त्यात एकशे बारा वेळा ‘खोडकिडा’ असं छापलेलं. खाली सहीची जागा तेवढी मोकळी.

ती गठ्ठा काखेत मारून थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे उद्यान अधीक्षक. चाळिशीचा, सभ्य, आवाज न चढवणारा माणूस. टेबल इतकं स्वच्छ की त्यावर पेन ठेवायलाही संकोच वाटावा.

“बसा बाई. सह्या करून ठेवा. ठेकेदाराची माणसं सात आठवड्यांनी मोकळी होतायत.”

“एकशे बाराच्या एकशे बारा मेली?”

“मेली नाहीत. मरणार आहेत. फॉर्ममध्ये मरणासन्न लिहिलंय ना, नियमानं ते मेल्यातच जमा.”

“मग तुम्ही-आम्हीसुद्धा त्याच यादीत आहोत, साहेब.”

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. “अँब्युलन्सवर फांदी पडली तेव्हा उत्तर मला द्यावं लागलं. तुम्हाला कुणी विचारलं नाही. उद्या कुणाच्या डोक्यात पडली तर? तुमची दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. शेवटी शेवटी कशाला हट्ट?”

“शेवटीच तर करायचा. आधी केला असता तर तुम्ही बदली केली असतीत.”

“बदली आताही करता येते,” साहेब शांतपणे म्हणाले. “सात आठवडे घ्या. सगळी झाडं परत तपासा. त्यानंतर सह्या नाही झाल्या, तर तुम्ही रोपवाटिकेत पिशव्या भरायला जाल आणि तुमच्या जागी येणारा माणूस सह्या करेल. मला वाईट वाटेल, पण मी ते करीन.”

माणूस खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक नंबरच्या झाडापासून सुरुवात केली. या रस्त्याला रिक्षावाले ‘निळा रस्ता’ म्हणत, आणि तो निळेपणा हिचीच करणी होती. वीस वर्षांपूर्वी तिला प्रशिक्षणाला पाठवलं होतं तेव्हा शिकवलं होतं: भोकात आकड्याची तार घालून अळी ओढून काढा, भोक मोरचूद आणि चुन्याच्या लेपानं भरा, वरून खोडालाही लेप द्या. म्हणजे जखमेत बुरशी धरत नाही. बुरशी हा झाडाचा शत्रू, हे तिनं वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ती ब्रश घेऊन छातीच्या उंचीपर्यंत झाडं निळी करत आली होती. तरी अळ्या होत्याच. एका भोकातून काढावी तर दुसरीकडून भुसा गळायचा.

पहिल्या आठवड्यात सेहेचाळीस झाडं झाली. वहीत फुल्याच फुल्या.

सत्तेचाळीस नंबरचं झाड दवाखान्याच्या फाटकासमोर होतं आणि त्याच्या बुंध्याशी एक मोची बसायचा. सत्तरीचा, पाठीत वाकलेला, तोंडानं फटकळ. त्याचं आणि हिचं वीस वर्षांचं भांडण होतं. ती लेप देऊन जायची आणि पुढच्या खेपेला आली की खोड कोरं करकरीत. विचारलं की हा म्हणे, पावसानं गेला असेल. बाकीच्या एकशे अकरा झाडांवरचा लेप पावसानं जात नाही, तुमच्याच झाडाचा बरा जातो, असं ती म्हणायची. त्यावर तो चपलेत खिळा ठोकत राहायचा.

त्या दिवशी तिनं सत्तेचाळीसवर हातोडी मारली. आवाज भरीव. परत मारली, वर, खाली, मागून. भरीव. एके ठिकाणी जुनं भोक होतं, त्यात चिंधीचा बोळा कोंबलेला. तिनं बोळा काढला, तार आत घातली आणि ओढली. अळी आली, पण वळवळत नाही आली. ताठ आली. पांढरीशुभ्र, वर पिठासारखी पूड, आणि बोटांत धरून दाबली तर खडूसारखी कट्‌कन तुटली.

तिनं दुसरा बोळा काढला. पुन्हा तशीच. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात तशीच.

“काका,” ती मोच्यासमोर उकिडवी बसली, “खरं सांगा. तुम्ही या झाडाला काय करता?”

“काही नाही करत.”

“मी भांडायला नाही आले. पाया पडू का?”

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत हिचा असा आवाज त्यानं ऐकला नव्हता. “तुमचा तो निळा रंग,” तो म्हणाला, “गिऱ्हाईकं खोडाला टेकून उभी राहतात. कपड्यांना लागतो. शिव्या मला बसतात. म्हणून तुम्ही गेलात की ओला आहे तोवरच मी पुसून काढतो. आणि भोकं पडली की भुसा माझ्या डोक्यात पडतो, म्हणून चामडं भिजवायच्या कुंडीतली ओली चिंधी घेऊन बुजवतो. वाळली की बदलतो. झालं. आता करा तक्रार.”

“बुजवायला लागल्यावर भुसा पडतो?”

“वर्ष-दोन वर्षं पडायचा. आता कुठं पडतो? बघा की माझं डोकं.”

तिनं खरंच बघितलं. डोकं स्वच्छ होतं. मग तिनं त्याच्याकडून पॉलिशची एक रिकामी डबी मागून घेतली, त्यात चार पांढऱ्या अळ्या ठेवल्या आणि फाटकातून दवाखान्यात शिरली.

तिची सून त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. लोकांच्या रक्ताचे, थुंकीचे, खाजवून काढलेल्या कातडीचे नमुने दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. सासू-सुनेचं जमायचं, म्हणजे दोघींनाही एकमेकींची भीती वाटायची नाही. सासूनं टेबलावर डबी उघडली तेव्हा सून म्हणाली, “आई, जेवायची वेळ आहे.”

“बघ आधी. मग जेव.”

सुनेनं चिमूटभर पूड काचेवर घेतली, थेंब टाकला आणि बराच वेळ डोळा लावून बसली. “ही बुरशी आहे,” ती अखेर म्हणाली. “कातडीवर येते तसलीच एक जात, पण माणसाची नाही. थांबा, मी वाचून सांगते.”

संध्याकाळी घरी येऊन तिनं सांगितलं. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, कांदा चिरता चिरता.

“ही बुरशी लाकूड खात नाही, आई. किडे खाते. हिचं बी म्हणजे धूळच. अळीनं ते गिळायला लागत नाही, नुसतं अंगाला चिकटलं की पुरे. ओल मिळाली की बी रुजतं, आणि त्याला जो कोंब फुटतो तो अळीच्या कातडीला भोक पाडून आत शिरतो. कातडी विरघळवणारा रस सोडतो आणि वरून दाबही देतो.”

“म्हणजे ती लाकडाला जे करते तेच हिला.”

“तेच. एकदा आत गेली की रक्तात पसरते, तिथंच वाढते, सगळा रस पिऊन टाकते. अळी चार-सहा दिवसांत खाणं सोडते, आठ-दहा दिवसांत मरते. मग कडक होते. हवा दमट असेल तर बुरशी सांध्यांतून बाहेर फुटते आणि वर पांढरी पूड धरते. त्याच बोगद्यातून दुसरी अळी गेली की तिला ती पूड लागते. असं चालू राहतं.”

“आणि मोरचूद लागला तर?”

सुनेचा हात थांबला. तिला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायचं नव्हतं. “मोरचूद बुरशी मारायलाच असतो ना,” ती हळूच म्हणाली.

सासू गॅसवर काय होतं ते ढवळत राहिली आणि ते बुडाला लागलं तरी ढवळत राहिली. वीस वर्षं. वर्षातून दोनदा, एकशे अकरा झाडं. जे आपणहून त्या अळ्यांना मारायला येत होतं त्याला ती स्वतःच्या हातानं, ब्रश भरभरून, मारत आली होती. आणि ज्या म्हाताऱ्यावर तिनं तीनदा लेखी तक्रार केली होती, त्याच्या हट्टानं आणि घाणेरड्या चिंध्यांनी एक झाड वाचवलं होतं. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. नवरा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, “अगं, तुला शिकवलं तसं तू केलंस.”

“शिकवणाऱ्याला मी कधी ‘नाही’ म्हटलं नाही,” ती म्हणाली. “साऱ्या जन्मात तेवढ्याच माणसाला.”

दुसऱ्या दिवशी ती तारेचा ब्रश आणि पाण्याची बादली घेऊन रस्त्यावर उतरली आणि एक नंबरचं झाड घासायला लागली. निळे ओघळ पायाशी जमत होते. येणारे-जाणारे थांबून बघत होते. रिक्षावाल्यानं विचारलं, “बाई, रंग बदलताय का?” ती म्हणाली, “माझी चूक धुतेय. वेळ असेल तर बादली भरून आण.” त्यानं आणली. सहा दिवसांत तिनं सगळ्या झाडांवरचा लेप खरवडून काढला आणि भोकांतला तारेनं कोरून काढला. सातव्या दिवशी ऑफिसातून नोटीस आली: विभागानं केलेला उपचार परवानगीशिवाय नष्ट केल्याबद्दल खुलासा करावा. तिनं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं, ‘तो उपचार मीच केला होता. मीच काढला. खुलासा झाडाकडे मागावा.’ आणि पाठवून दिला.

घरात तोवर वेगळाच कारखाना उभा राहिला होता. सुनेनं सांगितलं तसं तांदळाची कणी अर्धवट भिजवून मुरंब्याच्या बरण्यांत भरायची, तोंडाला कापूस लावायचा, कुकरमध्ये तासभर वाफवायची म्हणजे आतले बाकीचे जंतू मरतात. गार झाल्यावर, स्टोव्हच्या ज्योतीजवळ हात न हलवता, सत्तेचाळीस नंबरच्या अळीची चिमूटभर पूड आत सोडायची. पहिल्या दहा बरण्यांत हिरवी, काळी, नाही नाही ती बुरशी आली आणि त्या फेकाव्या लागल्या. पुढच्या वीसमध्ये पांढरी आली. कणीवर कापूस धरावा तशी. दोन आठवड्यांत कपाट, खिडकीची फळी, शिवणाच्या मशीनचं टेबल, सगळीकडे बरण्या. नवरा म्हणाला, “या घरात मला चहा करायला एक भांडं मिळेल का?” सून म्हणाली, “बाबा, कपाटातल्या कुठल्याही बरणीला हात लावू नका, एवढंच.” तेव्हापासून तो बाहेर जाऊन चहा प्यायला लागला आणि त्याला ते आवडायला लागलं.

चौथ्या आठवड्यात चिंध्या भरायला सुरुवात झाली. जुनी सुती कापडं पाण्यात भिजवायची, पिळायची, बरणीतल्या पुडीत घोळवायची आणि प्रत्येक भोकात खोल कोंबायची. कोंबायला काय वापरावं ते कळेना. तारेनं चिंधी फाटायची, काडी मोडायची. मोची दोन दिवस लांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी तो कंबरेवर हात ठेवून उठला, गिऱ्हाइकाचा बूट तसाच टाकून आला आणि आपली चामडं शिवायची बोथट आरी पुढं केली.

“द्या इकडं. असं भरतात का. शिवण टाकतो तशी वळवत न्यायची.”

त्यानं चिंधी अशी आत घातली की टोक तेवढं बाहेर राहिलं. “पाणी रोज टोकावर टाका,” तो म्हणाला. “आतपर्यंत ओढतं. चामड्याचं तसंच असतं.”

“काका, तुमच्यावर मी तक्रारी केल्यात.”

“माहितीय. नोटिशी यायच्या ना. त्या कागदांवर मी बुटांचे तळ आखायचो.”

रोज सकाळी ती पाणी घालत चालायची, दुपारी तो अर्धा तास आरी घेऊन यायचा. बाकी काम तिच्या एकटीचं. भुसा थांबतोय असं तिला वाटायचं, मग वाटायचं, आपल्याला हवंय म्हणून वाटतंय. लाकडाच्या आत काय चाललंय ते बाहेरून कुणाला दिसतं? तिला भीती वाटत होती, आणि ती भीती तिनं सुनेला बोलूनही दाखवली. सून म्हणाली, “सगळ्या एकदम मरत नाहीत, आई. काही राहतील.” ते तिनं ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

सातवा आठवडा संपला त्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा ट्रक आला. करवती, दोर, पिवळ्या टोप्यांची सहा माणसं. मागून साहेबांची गाडी. साहेबांच्या हातात तोच गठ्ठा होता, सह्यांच्या जागा तशाच कोऱ्या.

“बाई, सह्या.”

“नाही.”

“मग बदलीचा कागदही आणलाय मी.”

“आणलाय तर द्या. पण त्याआधी एक झाड कापा.” शब्द तोंडातून निघून गेले होते. “कुठलंही, तुम्ही निवडा. इथंच चिरा, सगळ्यांसमोर. आतून एक जरी जिवंत अळी निघाली, तर उरलेल्या एकशे अकरा फॉर्मांवर मी इथं उभ्या उभ्या सही करते.”

सून पांढरा कोट घालून फाटकात उभी होती. तिनं कपाळाला हात लावला.

साहेबांनी वेळ घेतला. रस्त्यानं एकदा चालत गेले, परत आले आणि नऊ नंबरवर बोट ठेवलं. सगळ्यात मोठी भुश्याची ढिगोळी तिथंच होती, म्हणजे निवड त्यांनी प्रामाणिकपणे केली होती. नऊ नंबरला रोप असताना एका सायकलवाल्यानं धडक देऊन आडवं केलं होतं, आणि हिनं दोन काठ्यांमध्ये बांधून महिनाभरात सरळ उभं केलं होतं. हे ती कुणाला बोलली नाही. करवत सुरू झाली तेव्हा तिनं पाठ फिरवली नाही. झाड पडलं, त्याचे हात-हात लांबीचे तुकडे झाले, आणि कुऱ्हाडीनं एकेक तुकडा उभा चिरला जाऊ लागला.

अळ्या मोची मोजत होता, कारण त्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता. पांढरी. पांढरी. पांढरी. ताठ, खडूसारख्या, बोगद्यात जिथं होत्या तिथंच. करवतवाला माणूस एक उचलून म्हणाला, “हे काय, दगड झालेत की.” दुपारपर्यंत सगळं लाकूड चिरून झालं. सतरा पांढऱ्या. चार तपकिरी पडलेल्या, मऊ, मेलेल्या. आणि दोन जिवंत.

जिवंत म्हणजे अगदी जिवंत. साहेबांनी काडीनं टोचलं तर दोघींनी अंग आखडलं.

साहेबांना जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी गठ्ठा पुढे केला, वर पेन ठेवलं. “तुम्हीच म्हणाला होतात, बाई. एक जरी.”

शब्द दिला होता, आणि शब्द फिरवणाऱ्यांची तिला आयुष्यभर किळस होती. तिनं पेन हातात घेतलं. पहिल्याच फॉर्मावर डोळे गेले आणि ती थांबली.

“साहेब, हे काय लिहिलंय? वाचा.”

“मृत अथवा मरणासन्न.”

“मरणासन्न म्हणजे नियमानं मेल्यात जमा, असं तुम्ही मला तुमच्या खोलीत सांगितलंत. माझ्या झाडांना तो नियम लावलात. मग या दोघींनाही लावा.” तिनं त्या दोन अळ्या पॉलिशच्या डबीत घेतल्या, वर ओला कापूस आणि सालीचा तुकडा ठेवला आणि डबी साहेबांच्या हातात दिली. “या तुमच्या टेबलावर ठेवा. मी हात लावणार नाही, खोलीत पाऊलही टाकणार नाही. दहा दिवसांत यांतली एक जरी चालती-फिरती असली, तर गठ्ठा माझ्या घरी पाठवा. सह्या करून देईन आणि पिशव्या भरायला जाईन.”

ठेकेदाराची माणसं साहेबांकडे बघत होती. साहेब डबीकडे बघत होते. खरं तर ते तिथंच नाही म्हणू शकले असते. पण माणूस नियमाचा होता, आणि नियम त्याचाच होता.

“दहा दिवस,” ते म्हणाले.

ते दहा दिवस तिनं कसे काढले ते तिच्या नवऱ्याला विचारावं. तिनं तीनदा मीठ विसरलेलं जेवण वाढलं आणि त्यानं तीनदा मुकाट्यानं खाल्लं. रस्त्यावरची पाणी घालायची फेरी मात्र चुकली नाही. ऑफिसातल्या शिपायाकडून बातम्या यायच्या. पहिल्या दिवशी साहेबांनी डबी कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी टेबलावर घेतली. चौथ्या दिवशी त्यांनी सालीचा तुकडा बदलला आणि अळीनं आधीचा खाल्ला नाही असं स्वतःशीच बोलले. सहाव्या दिवशी एक मेली. सातव्या दिवशी साहेब भिंग घेऊन आले. आठव्या दिवशी दुसरी मेली, आणि पहिलीच्या अंगाच्या सांध्यांतून पांढरा कापूस फुटलेला होता. शिपाई म्हणाला, “साहेबांनी आज चहा घेतला नाही. नुसते डबीकडे बघत बसलेत.”

दहाव्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर डबी उघडी होती. एकशे अकरा फॉर्म एका दोरीनं बांधून बाजूला ठेवलेले होते, वर साहेबांच्या अक्षरात ‘स्थगित’. समोर एकच फॉर्म होता. नऊ नंबर.

“हे झाड तुमच्या सहीशिवाय तोडलं गेलंय,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “तपासणी आली तर मला उत्तर देता येणार नाही. बाकीच्यांचं मी बघतो. एवढी एक सही द्या, बाई.”

तिनं फॉर्म ओढून घेतला. घेर बरोबर, उंची बरोबर. कारणाच्या रकान्यात छापलेलं होतं, ‘खोडकिडा’. तिनं खिशातून पेन काढलं, त्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘करवत’. खाली पूर्ण सही केली, तारीख टाकली.

साहेबांनी वाचलं. “हे असं वर पाठवता येत नाही.”

“मग पाठवू नका,” ती उठत म्हणाली. “पण ते बरं होत होतं, साहेब. तेवीसच्या तेवीस. मी दुसरं काही लिहिणार नाही.”

तिनं दाराशी ठेवलेली हातोडी उचलली आणि ती दहा नंबरपासून पुढची झाडं ठोकायला निघून गेली.